पुणे विद्यापीठातील एम.एस्सी. भौतिकशास्त्र : एका माजी विद्यार्थ्याचे परीक्षण

भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या महाराष्ट्रातील बहुतेक विद्यार्थ्यांना पुढे शिकायचे असेल, तर परवडणारा मार्ग प्रत्यक्षात एकच उरतो, आणि तो म्हणजे राज्य विद्यापीठातील दोन वर्षांची एम.एस्सी. आयआयटी आणि आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) येथील जागा मोजक्या असतात, तर खासगी विद्यापीठांचे शुल्क ऐकूनच अनेक घरांतील चर्चा थांबते. अशा वेळी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाचे नाव हमखास पुढे येते. मी स्वतः या विभागात शिकलो आहे आणि त्यानंतरही कामानिमित्त आवारात जाणेयेणे राहिले आहे. येत्या वर्षी अर्ज भरणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांना उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो: विभाग निश्चितच चांगला आहे, परंतु तेथील शिक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत छापलेला नाही. तो प्रयोगशाळेच्या टेबलावर आणि आवारातील शेजारच्या संस्थांमध्ये आहे, आणि आपण उठून गेल्याशिवाय तो मिळत नाही.

विद्यापीठाची स्थापना १९४९ साली झाली. बॅ. मुकुंदराव जयकर हे पहिले कुलगुरू, आणि आवारातील ग्रंथालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. गणेशखिंडीतील सुमारे ४११ एकरांचे आवार, मध्यभागी इंग्रज गव्हर्नरासाठी बांधलेली मनोऱ्याची इमारत, वडाची जुनी झाडे आणि त्यांच्या आड विखुरलेले विभाग हे चित्र पुणेकरांना परिचयाचे आहे. बाहेरच्या विद्यार्थ्याला मात्र एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतील शेकडो महाविद्यालये या विद्यापीठाशी संलग्न आहेत, आणि ‘पुणे विद्यापीठातून भौतिकशास्त्र केले’ असे म्हणणाऱ्यांपैकी फार मोठ्या संख्येने आवारात कधी पाऊलही टाकलेले नसते. पदवी प्रमाणपत्रावरील बोधचिन्ह एकच, परंतु त्यामागचे शिक्षण एक नसते. म्हणून हे परीक्षण आवारातील विभागाचे आहे, संलग्न महाविद्यालयांतील एम.एस्सी.चे नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

हा फरक किती असतो ते मी पदवीच्या तीन वर्षांच्या अनुभवावरून सांगू शकतो. ते महाविद्यालय कोणते याला येथे महत्त्व नाही, कारण तसेच चित्र इतरत्रही आढळते. आमच्या प्रयोगशाळेत उपकरणे होती, पण त्यांतील बरीचशी कपाटात कुलूपबंद असत आणि तपासणी समिती यायच्या आठवड्यात बाहेर निघत. जर्नल पूर्ण करणे हे मुख्य काम, प्रयोग करणे हे दुय्यम. मागच्या तुकडीचे जर्नल शेजारी उघडून ठेवायचे, अपेक्षित उत्तर आधी लिहायचे आणि त्यावरून उलट गणित करून रीडिंग बसवायचे, ही पद्धत सर्वांना ठाऊक होती आणि तिच्याबद्दल कोणालाही संकोच वाटत नसे. लंबकाच्या प्रयोगात सगळ्या वर्गाचे गुरुत्वत्वरण दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत जुळायचे, आणि व्हायवा घ्यायला आलेले बाहेरचे परीक्षक त्याबद्दल शंका न घेता सही करायचे. शिक्षक वाईट होते असे मी म्हणणार नाही. तासिका तत्त्वावर नेमलेल्या माणसाला एका गावचा तास संपवून दुसऱ्या गावची बस गाठायची असते, त्याने प्रत्येकाच्या आलेखातील त्रुटी-पट्ट्या तपासाव्यात ही अपेक्षाच अवाजवी आहे.

आवारातील प्रवेश विद्यापीठाच्या ऑनलाइन प्रवेशपरीक्षेतून होतो. परीक्षा बहुपर्यायी असते आणि तिचा आवाका बी.एस्सी.चाच असतो, पण पाठांतरावर निभावून जाईल अशी ती नसते. यामिकी, विद्युतचुंबकत्व, ऊष्मागतिकी आणि गणिती पद्धती या चार विषयांतील उदाहरणे हाताने सोडवण्याचा सराव असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. खरा धक्का प्रवेशानंतर बसतो. पहिल्या सत्रात अभिजात यामिकी, पुंजयांत्रिकी, गणिती भौतिकी आणि इलेक्ट्रॉनिकी हे विषय एकाच वेळी अंगावर येतात, आणि पदवीला सत्तर-पंच्याहत्तर टक्के मिळवलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यातच कळते की आपल्याला आंशिक अवकलन समीकरण सोडवता येते असे आपण केवळ समजत होतो. वर्गात राज्याच्या सर्व भागांतून आलेली मुले असतात. काहींनी पदवीला आवडीने वरच्या पातळीची पुस्तके वाचलेली असतात, तर काहींनी ऑसिलोस्कोप प्रत्यक्ष कधी चालू केलेला नसतो. हे अंतर भरून काढण्याची जबाबदारी राज्य विद्यापीठांतील व्यवस्था सहसा स्वतःकडे घेत नाही, ते काम वसतिगृहातील खोल्यांमध्ये रात्री चालते. पुढच्या बाकावरचा विद्यार्थी मागच्याला हॅमिल्टोनियन समजावून सांगतो आणि त्याच्याकडून सोल्डरिंग शिकून घेतो. या देवाणघेवाणीला गुणपत्रिकेत श्रेयांक नसले, तरी दोन वर्षांत मिळणाऱ्या शिक्षणात तिचा वाटा मी बराच मोठा धरतो.

आता प्रयोगशाळेकडे वळतो, कारण या अभ्यासक्रमाची शिफारस करण्याचे माझे पहिले कारण तेच आहे. एम.एस्सी.च्या पातळीवरचे प्रयोग ठरलेलेच असतात: गायगर-म्युलर गणित्र, मायकेल्सनचा व्यतिकरणमापी, फ्रँक-हर्ट्झ, झीमन परिणाम, हॉल परिणाम. यादी कोणत्याही विद्यापीठात साधारण सारखीच. फरक पडतो तो टेबलावर घालवायला मिळणाऱ्या वेळात आणि रीडिंग जुळले नाही तर पुढे काय होते यात. उदाहरणादाखल हॉल परिणामाचाच प्रयोग घेऊ. प्रवाह वाहणारा पदार्थ चुंबकक्षेत्रात ठेवला की प्रवाहाला आडवे एक छोटे व्होल्टेज निर्माण होते, तो हॉल परिणाम. जर्मेनियमचा नखाएवढा स्फटिक, त्याला जोडलेल्या चार तारा, विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमधली बोटभर फट आणि त्या फटीत सरकवायची गॉसमीटर या चुंबकक्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाची चपटी दांडी एवढेच साहित्य. पुस्तकात सूत्र एका ओळीचे असते, आणि व्होल्टमीटर पहिल्या मिनिटाला त्या ओळीशी फारकत घेतो. चुंबकक्षेत्र शून्य असतानाही काही मिलिव्होल्ट दिसत राहतात. पदवीच्या सवयीने हात लगेच ‘शून्य’ असे लिहायला जातो. येथे मात्र शिक्षक विचारतात की हे व्होल्टेज आले कोठून, आणि उत्तर सापडेपर्यंत पुढचे रीडिंग घेऊ देत नाहीत. समोरासमोरची दोन टोके बसवताना थोडी जरी मागेपुढे झाली, तरी स्फटिकातून वाहणाऱ्या प्रवाहाचा ओहमी व्होल्टपात त्यांच्यामध्ये येतो. मग क्षेत्राची दिशा उलटवायची, दोन्ही वाचने घ्यायची आणि त्यांच्या फरकाचे अर्ध करायचे, म्हणजे क्षेत्राबरोबर न उलटणारा भाग वजा होतो. हे कारण स्वतः शोधून काढलेल्या विद्यार्थ्याला ते पुढे कोणत्याही उपकरणासमोर उपयोगी पडते.

त्याच प्रयोगाचा पुढचा भाग मला अधिक आवडतो. पी-प्रकारच्या जर्मेनियममध्ये प्रवाह मुख्यतः होल, म्हणजे धन प्रभारासारख्या वागणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, वाहून नेतात. ते तापवत नेले की हॉल व्होल्टेज कमी कमी होत जाते, एका तापमानाला शून्य होते आणि नंतर चिन्ह बदलते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तारा उलट जोडल्या गेल्या असेच वाटते. तापमानाबरोबर इलेक्ट्रॉन वाढतात हे सर्वांना माहीत असते, पण चिन्ह बदलण्याची वेळ दोन्ही वाहकांची संख्या सारखी होण्याच्या पुष्कळ आधी येते, याचा उलगडा व्हायला वेळ लागतो. जर्मेनियममध्ये इलेक्ट्रॉनची गतिशीलता होलच्या साधारण दुप्पट असते आणि हॉल गुणांकाच्या सूत्रात गतिशीलतेचा वर्ग येतो, म्हणून होलची संख्या इलेक्ट्रॉनच्या सुमारे चौपट असतानाच हिशेब शून्यावर येतो. फळ्यावर हे दहा मिनिटांत सांगून होते. टेबलावर त्याला दुपार लागते, आणि त्या दुपारी अर्धवाहकांबद्दल जे समजते ते फळ्यावरून समजत नाही.

या प्रयोगशाळांमधील परिचरांचा उल्लेख केल्याखेरीज पुढे जाणे योग्य होणार नाही. सगळे विद्यार्थी त्यांना मामा म्हणतात. विद्युतचुंबकाचा प्रवाह चालू असताना कोणी थेट स्विचकडे हात नेला, की खोलीच्या दुसऱ्या टोकाहून आवाज येतो, “अरे, आधी करंट खाली आण, मग बंद कर!” वेटोळ्यात साठलेली चुंबकीय ऊर्जा एकदम सुटली तर पुरवठायंत्राचे काय होते, हे स्वयंप्रवर्तनाच्या प्रकरणात आम्ही सर्वांनी वाचलेले होते. ते स्विचला हात लावताना आठवण्याची सवय मात्र मामांनी लावली.

सिद्धान्ताच्या तासांबद्दल इतक्या उत्साहाने लिहिता येत नाही. काही शिक्षक असे भेटतात की पुंजयांत्रिकीतील कोनीय संवेगाचे प्रकरण त्यांच्याकडून ऐकल्यावर पुस्तक पुन्हा उघडावे लागत नाही, तर काही तास टिपणे उतरवून घेण्यात संपतात. विभागाच्या पातळीवर शिकवणारा, प्रश्नपत्रिका काढणारा आणि गुण देणारा बहुधा एकच असतो, आणि अंतर्गत मूल्यमापनाला मोठा वाटा असतो. याचा फायदा असा की चांगला शिक्षक घरी सोडवायच्या उदाहरणांना परीक्षेइतकेच वजन देऊ शकतो. तोटाही तोच आहे, कारण शिक्षक काय विचारतील याचा अंदाज तुकडीला लवकर येतो आणि अभ्यास तेवढाच आक्रसतो. त्यातच राज्यातील अकृषी विद्यापीठांमध्ये अध्यापकांची पदे मोठ्या संख्येने वर्षानुवर्षे रिक्त आहेत, हे सर्वज्ञात आहे. निवृत्त झालेल्या प्राध्यापकाच्या जागी माणूस आला नाही, तर केवळ एक तास कमी होत नाही, त्याच्या विशेष विषयाची प्रयोगशाळाही हळूहळू बंद पडते. अर्ज भरण्यापूर्वी विभागाच्या संकेतस्थळावरील अध्यापकांची सध्याची यादी पाहावी आणि ज्या शाखेत रस आहे तिच्यात पूर्णवेळ माणसे किती आहेत ते मोजावे, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. जुन्या कीर्तीवर विसंबून विशेष विषय निवडू नये.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून राज्यात पदव्युत्तर अभ्यासक्रमांची रचना बदलली आहे. पहिल्या वर्षी संशोधनपद्धती आणि प्रत्यक्ष कार्यानुभव यांचे श्रेयांक आले, दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पाला अधिक जागा मिळाली, आणि एका वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय झाली. प्रकल्पाला मिळालेली जागा स्वागतार्ह आहे. कार्यानुभवाची कल्पना मात्र वाणिज्य किंवा अभियांत्रिकीला जशी सहज बसते तशी भौतिकशास्त्राला बसत नाही. राज्यभरातील हजारो विद्यार्थ्यांना काही आठवडे सामावून घेतील अशा प्रयोगशाळा नाशिकात वा सोलापुरात कोठून आणायच्या, याचे उत्तर कागदावर सापडत नाही. पुण्यातील विद्यार्थ्याला हा प्रश्न इतरांपेक्षा कमी पडतो, आणि त्याचे कारण शेजार.

हा शेजार हे माझ्या शिफारशीचे दुसरे, आणि कदाचित अधिक वजनदार कारण आहे. विद्यापीठाच्या आवारातच आयुका, म्हणजे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली ते स्थापन केले आणि जयंत नारळीकर त्याचे संस्थापक संचालक होते. चार्ल्स कोरिया यांनी रचना केलेल्या या वास्तूच्या मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत, आत फूकोचा लंबक आहे, आणि पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभी राहिलेली ‘पुलस्त्य’ ही शालेय मुलांसाठीची विज्ञान शोधिकाही त्याच परिसरात आहे. मुलांना घेऊन विज्ञानदिनी येणारे पालक येथवर पाहून परत जातात. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला महत्त्वाची आहेत ती तेथील परिसंवादांची सूचनाफलकावरील पत्रके. संस्थेचे नावच सांगते त्याप्रमाणे ती सर्व विद्यापीठांसाठी आहे, आणि भाषणाला येऊन मागच्या रांगेत बसलेल्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला कोणी उठवत नाही. पहिल्या काही भाषणांत शीर्षकाखेरीज काही कळत नाही. पुढे हळूहळू आलेखाचे अक्ष कळू लागतात, मग प्रश्नोत्तरांत कोण कोणाला कशावरून अडवत आहे तेही कळू लागते. वर्गातील भौतिकशास्त्र सिद्ध झालेले असते आणि संशोधनातील भौतिकशास्त्र वादातले असते, हा फरक विद्यार्थ्याला येथे दिसतो.

आयुकाच्या शेजारीच टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. नारायणगावजवळच्या खोडद येथील विशाल मीटरतरंग दुर्बीण म्हणजे जीएमआरटी हेच केंद्र चालवते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांपैकी चौदा मध्यभागी सुमारे एक किलोमीटरच्या चौकोनात आणि उरलेल्या तीन बाहूंवर सुमारे पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या, अशी तिची मांडणी आहे. गोविंद स्वरूप यांनी भरीव पत्र्याऐवजी दोरांवर ताणलेल्या तारेच्या जाळीची तबकडी वापरली, कारण मीटरभर तरंगलांबीला जाळीची छिद्रे जाणवत नाहीत आणि वाऱ्याचा भार व खर्च दोन्ही कमी होतात. विवर्तनाचा अभ्यास केलेल्या विद्यार्थ्याने ती जाळी डोक्यावर पाहत उभे राहावे, म्हणजे प्रकाशिकीतील एक प्रकरण पुन्हा नव्याने समजते. जून २०२३ मध्ये पल्सारच्या (नियमित रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या) निरीक्षणांतून अतिदीर्घ तरंगलांबीच्या गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचे पुरावे जगभरातील गटांनी मांडले, त्यांत सुधारित जीएमआरटीच्या कमी वारंवारतेच्या निरीक्षणांचाही उपयोग झाला होता. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपण्याच्या प्रकल्पातही आयुका भागीदार आहे. त्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली, म्हणजे आज एम.एस्सी.ला बसलेल्या मुलांपैकी काहींचे पुढचे काम मराठवाड्यात असू शकते.

यांखेरीज पाषाण रस्त्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर आणि उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहेत, आणि प्रगत संगणनावर काम करणारे सी-डॅकही जवळच आहे. महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्याही राज्य विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाला एवढा शेजार एका सायकलफेरीत लाभलेला नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने पातळ थर आणि सौर घट यांत स्वतःच्या बळावर नाव कमावले आहे आणि त्या विषयात जाणाऱ्याने त्याचा विचार जरूर करावा. मुंबई विद्यापीठाला टाटा संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्र जवळ आहेत खरे, पण मुंबईतील ‘जवळ’ म्हणजे काय हे लोकलने रोज प्रवास करणाऱ्याला विचारावे. (पुण्याचा विद्यापीठ चौक त्या बाबतीत मागे नाही. तेथील उड्डाणपूल २०२० साली पाडल्यापासून वर्षानुवर्षे चौकाने आवाराबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सकाळच्या तासिकांचा बराच घास घेतला.)

एवढे सगळे असूनही अनेक विद्यार्थी दोन वर्षे काढून जातात आणि आयुकाच्या फाटकातून आत जात नाहीत. त्यांना कोणी अडवलेले नसते, पण कोणी जा म्हणूनही सांगितलेले नसते. मोठ्या राज्य विद्यापीठाचा स्वभावच असा आहे. तेथे दार उघडे असते आणि दारावर पाटी नसते. उन्हाळ्यातील प्रकल्प, सुटीतील विद्यार्थी कार्यक्रम, हिवाळ्यातील रेडिओ खगोलशास्त्राची शाळा यांच्या अर्जाच्या तारखा स्वतः शोधाव्या लागतात, संशोधकाला ईमेल स्वतः लिहावी लागते आणि उत्तर आले नाही तर पुन्हा लिहावी लागते. तालुक्याच्या ठिकाणाहून आलेल्या मुलामुलींना हे लिहिण्याचेच दडपण येते. इंग्रजीत चुका होतील, आपण कोण विचारणारे, असे त्यांना वाटते. वर्गातील चर्चा मराठीत आणि वही इंग्रजीत अशा सरावलेल्या वातावरणात हे दडपण दुसऱ्या सत्रापर्यंत बरेच उतरते, परंतु तोवर पहिल्या उन्हाळ्याच्या तारखा उलटलेल्या असतात. म्हणून पहिल्या वर्षाच्या दिवाळीपूर्वीच दोन-तीन अर्जांची तयारी करून ठेवावी. माझ्या मते हा विषय विभागाने स्वागत समारंभातच फळ्यावर लिहून द्यायला हवा.

जयकर ग्रंथालय जुन्या नियतकालिकांसाठी उत्तम आहे, आणि वाचनकक्षात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांची गर्दी असल्यामुळे जागा मिळवायला लवकर उठावे लागते. वसतिगृहाची प्रवेशयादी गुणवत्तेवर आणि आरक्षणानुसार लागते, ती लांबली तर सुरुवातीचे आठवडे कोणाच्या तरी खोलीत पाहुणा म्हणून काढायची तयारी ठेवावी. रिफेक्टरीतील जेवण पोट भरते, याहून अधिक काही त्याबद्दल लिहिण्यासारखे नाही. शुल्क खासगी संस्थांच्या तुलनेत अगदी कमी आहे, आणि ‘कमवा व शिका’ योजनेतून काम करून शिकणारे विद्यार्थी या आवारात पिढ्यानुपिढ्या आहेत, ही गोष्ट घरची परिस्थिती बेताची असलेल्या पालकांनी आवर्जून लक्षात घ्यावी.

पदवीचा पुढे उपयोग काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. संशोधनाकडे जायचे असेल तर सीएसआयआर-नेट, गेट आणि जेस्ट या परीक्षांना पर्याय नाही. नेटची भौतिक विज्ञानाची प्रश्नपत्रिका तीन तासांची आणि २०० गुणांची असते, आणि तिच्या ‘क’ भागातील पाच-पाच गुणांचे प्रश्न एम.एस्सी.च्या चारही सत्रांचा कस पाहतात. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती) मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दरानुसार दरमहा ३७,००० रुपये छात्रवृत्ती आहे. याखेरीज बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या संशोधन छात्रवृत्त्या आहेत. महाविद्यालयात शिकवायचे असेल, तर ५५ टक्क्यांसह एम.एस्सी. आणि नेट किंवा सेट लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा हेच विद्यापीठ घेते. परंतु सेट उत्तीर्ण झाले की नोकरी लागली असा समज कोणीही करून घेऊ नये, कारण भरती नियमित होत नाही आणि तासिका तत्त्वावरचे मानधन संसार चालवण्याइतके नसते. विभागातून बाहेर पडलेले अनेक जण आज जेईई-नीटच्या शिकवणी वर्गांत, सॉफ्टवेअरमध्ये किंवा विदा-विश्लेषणात आहेत. त्यांना तेथे गणिती भौतिकी आणि संगणकीय प्रकल्प यांचा उपयोग झाला, हॉल परिणामाचा थेट झाला नाही. परदेशी पीएच.डी.साठी जाणाऱ्यांना गुणांपेक्षा शिफारसपत्राची गरज अधिक पडते, आणि प्रकल्पावर ज्याने आपल्याबरोबर काम केले आहे अशाच माणसाचे पत्र वजनदार ठरते.

तेव्हा या अभ्यासक्रमाला प्रवेश कोणी घ्यावा? ज्याला भौतिकशास्त्र आवडते, ज्याला मोठ्या संस्थांतील प्रवेश थोडक्यात हुकला आहे आणि जो स्वतः चार दारे ठोठावायला तयार आहे, त्याने निःशंकपणे घ्यावा. या दरात पुण्याहून चांगला सौदा मला राज्यात दिसत नाही. ज्याला रोजचे मार्गदर्शन, ठरलेले वेळापत्रक आणि कोणीतरी मागे लागून अभ्यास करून घेणे आवश्यक वाटते, त्याची येथे निराशा होईल, आणि त्याला लहान तुकडीच्या संस्था अधिक मानवतील. केवळ पदव्युत्तर पदवी हवी म्हणून घराजवळच्या संलग्न महाविद्यालयात प्रवेश घेण्याच्या विचारात असलेल्यांनी प्रवेशापूर्वी एक दिवस तेथील प्रयोगशाळेत जाऊन कोणत्या उपकरणांवर धूळ आहे एवढे पाहून यावे.

प्रवेश निश्चित झालेल्यांसाठी काही व्यावहारिक सूचना देतो. तारखा आणि विशेष विषयांची उपलब्धता दरवर्षी बदलते, म्हणून विद्यापीठाचे संकेतस्थळ पाहावे, समाजमाध्यमांवरील फिरत्या संदेशांवर जाऊ नये. जूनमधील मोकळ्या आठवड्यांत रेषीय बीजगणित आणि संमिश्र चलांची उदाहरणे सोडवून ठेवावीत आणि पायथॉनमध्ये एखादे अवकलन समीकरण सोडवून त्याचा आलेख काढता येईल इतका सराव करावा. प्रयोगाची वही पहिल्या दिवसापासून पेनाने लिहावी, चुकलेले रीडिंग खोडरबराने पुसू नये, त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी कारण नोंदवावे. आयुकातील परिसंवादांची यादी तिच्या संकेतस्थळावर लागते.